बंगळूरचे पिंप आणि डॉ. रोनाल्ड रॉस

मी रेल्वेत इंजिनिअर, शिक्षण डिप्लोमापर्यंत. नोकरीच्या सुरुवातीला एका नव्या मार्गाच्या कामावर होतो. भरावासाठी माती काढलेले खड्डे बुजवायचे माझ्याकडून राहून गेले. पावसात त्यांत पाणी साचले आणि गँगमधली तीन माणसे मलेरियाने आडवी झाली. ती बरी झाली, पण मला चुटपुट लागून राहिली. तेव्हाच डॉ. रोनाल्ड रॉस यांच्याबद्दल वाचले. त्यांच्या कामाचे बीज आपल्या बंगळूरला पडले, हे फार थोड्यांना माहीत असते.

रॉस यांचा जन्म १८५७ साली अल्मोड्याला झाला. १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आले. १८८३ साली बंगळूरच्या लष्करी छावणीत असताना डासांनी त्यांना हैराण केले. खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडे करताच डास कमी झाले. मेसमध्येही तसेच करावे असे त्यांनी सुचवले, तर तेथील अधिकाऱ्याने सृष्टिक्रमात ढवळाढवळ नको म्हणून नकार दिला! डासांमुळे मलेरिया होतो, हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते.

१८९४ मध्ये लंडनला डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना ही दिशा दाखवली. सिकंदराबादला काम सुरू झाले, तोच १८९५ साली कॉलऱ्याच्या साथीसाठी त्यांना पुन्हा बंगळूरला धाडण्यात आले. १८९७ मध्ये उटीजवळच्या सिगूर घाटात त्यांना स्वतःलाच मलेरिया झाला. तरी ते थांबले नाहीत. हुसेन खान हा रुग्ण एका चाव्यामागे एक आणा घेऊन डासांना रक्त पिऊ देई. असाच एक डास चिरताना २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा जंतू सापडला. पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांवर प्रयोग करून, जंतू डासाच्या लाळग्रंथीत पोचतो व चाव्यातून पसरतो, हे त्यांनी दाखवले. माणसाच्या बाबतीत हे चक्र इटलीत ग्रासी व सहकाऱ्यांनी पूर्ण केले.

१९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी सुएझ कालव्यावरच्या इस्माइलिया गावी जाऊन साचलेले पाणी हटवण्याची योजना त्यांनी आखून दिली आणि तेथील मलेरिया हटला. १९३२ मध्ये ते वारले.

आज औषधे, मच्छरदाण्या, लसही आहे. तरी पहिला उपाय पिंप उपडे करण्याचाच. म्हणून कमिटीला एकच विनंती: आनेकलला विसर्जनासाठी हौद केला, तर तो दुसऱ्याच दिवशी रिकामा करावा. या वेळी राहून जायला नको.