विश्लेषण : आंबेडकरांना संविधान सभेत पाठवणारा नेता पाकिस्तानचा मंत्री कसा झाला? जोगेंद्रनाथ मंडल कोण होते?

ऑगस्ट १९४७ मध्ये दोन नवे देश जन्माला आले आणि दोन्हीकडे कायदामंत्र्याची खुर्ची दलित नेत्याकडे गेली. दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, कराचीत जोगेंद्रनाथ मंडल. दोघेही शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे. दोघांनीही पुढच्या चार-पाच वर्षांत राजीनामा दिला. आंबेडकरांचे नाव घराघरांत पोहोचले, मंडल यांना मात्र दोन्ही देश जवळपास विसरले. नागरिकत्व सुधारणा कायद्यावर २०१९-२० मध्ये वाद पेटला तेव्हा संसदेत मंडल यांचे नाव पुन्हा निघाले आणि त्यांच्या राजीनामापत्रातले उतारे मोबाइलवर फिरू लागले. या फॉरवर्डमध्ये गोष्टीचा शेवट तेवढा असतो. ते मुस्लीम लीगसोबत गेलेच का, हे त्यात नसते.

बारिसाल ते कलकत्ता

मंडल यांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी तेव्हाच्या बाकरगंज जिल्ह्यातील मैस्तारकांदी या खेड्यात झाला. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बारिसाल. आज हा भाग बांगलादेशात आहे. नद्या, खाड्या आणि भातशेतीचा हा मुलूख. पावसाळ्यात एका वाडीतून दुसरीकडे जायचे तर होडीच हवी. घर नामशूद्र शेतकऱ्याचे. भात पिकवणारा, होडी वल्हवणारा, मासेमारी करणारा हा पूर्व बंगालमधला मोठा समाज. सरकारी कागदांत त्याला पूर्वी चांडाळ म्हटले जाई. दीर्घ लढ्यानंतर १९११ च्या जनगणनेत नामशूद्र या नावाला मान्यता मिळाली. हरिचंद ठाकूर यांनी सुरू केलेल्या मतुआ पंथाने या समाजाला आत्मसन्मान दिला आणि त्यांचे पुत्र गुरुचंद यांनी शाळांचा आग्रह धरला. त्या आग्रहानंतर शिकून वर आलेल्या पिढीत मंडल होते.

त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण बारिसालच्या ब्रजमोहन कॉलेजात झाले. स्वदेशी चळवळीतले मोठे नाव असलेल्या अश्विनीकुमार दत्त यांनी स्थापन केलेली ही संस्था. पदवीनंतर ते कायदा शिकायला कलकत्त्याला गेले, १९३४ मध्ये ती परीक्षा उत्तीर्ण झाले आणि वकिली करू लागले.

तीनच वर्षांनी, १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत त्यांनी राखीव जागा सोडून खुल्या जागेवरून अर्ज भरला, तोही अपक्ष म्हणून. समोर जिल्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि ते अश्विनीकुमार दत्तांचे पुतणे. ज्यांच्या कॉलेजात शिकले त्यांच्याच घरातल्या उमेदवाराला मंडल यांनी हरवले. त्या वेळी बंगालमध्ये खुल्या जागेवरून निवडून आलेले ते एकमेव दलित उमेदवार होते. मंडल सुरुवातीपासून काँग्रेसद्वेष्टे होते, असे मात्र नाही. सुभाषचंद्र आणि शरदचंद्र बोस या बंधूंशी त्यांची जवळीक होती आणि १९४० मध्ये ते कलकत्ता महापालिकेतही निवडून आले. सुभाषबाबूंनी देश सोडल्यावर काँग्रेसच्या वर्तुळात आपल्या समाजाच्या प्रश्नांना वाली नाही, असे त्यांचे मत पक्के होत गेले.

लीगशी हातमिळवणी कशासाठी?

याचे उत्तर बंगाल विधानसभेच्या आकड्यांत आहे. सभागृहात २५० जागा होत्या. मुस्लिमांसाठी ११७ जागा राखीव होत्या, म्हणजे बहुमताला थोड्या कमी. अनुसूचित जातींच्या राखीव जागा ३०. हा ३० चा आकडा १९३२ मध्ये येरवड्यात झालेल्या पुणे करारातून आला होता. कोणाही एका गटाला सहज सत्ता मिळत नसल्याने या ३० जणांतले पंधरा-वीस जण एकत्र राहिले, तर सरकार बनवू किंवा पाडू शकत होते. मंडल यांनी हे ओळखले.

फजलुल हक यांचे सरकार १९४३ मध्ये पडले आणि ख्वाजा नझिमुद्दीन यांना पाठिंब्याची गरज भासली. तेव्हा मंडल यांनी आपल्यासोबतच्या २१ दलित आमदारांच्या वतीने अटी घातल्या. मंत्रिमंडळात तीन दलित मंत्री, दलितांच्या शिक्षणासाठी दर वर्षी पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेल्या प्रमाणाची काटेकोर अंमलबजावणी. सौदा झाला आणि मंडल मंत्री झाले. सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणा ही त्यांची खाती. सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या कुळांच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसाला यापेक्षा जवळचे खाते कोणते असणार?

आकड्यांमागे एक विश्वासही होता. पूर्व बंगालमध्ये जमीनदार आणि सावकार बहुतेक सवर्ण हिंदू, तर जमीन कसणारे मुस्लीम आणि नामशूद्र. दोघांची शेते शेजारी, दोघांची कर्जे सारखी आणि दोघेही शिक्षणात मागे. या दोघांचे हित एकच आहे, असे मंडल मानत. हे तेव्हा स्वप्नरंजन नव्हते. पण याच दोन समाजांत गावपातळीवर दंगलीही होत होत्या. मंडल यांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

आंबेडकरांची निवड आणि एक गैरसमज

फेडरेशनची बंगाल शाखा मंडल यांनी १९४३ मध्ये उभी केली. पुढच्या, म्हणजे १९४६ च्या निवडणुकीत पक्षाची देशभर वाताहत झाली. बंगालमधून पक्षाचे एकटे मंडल निवडून आले. मुंबई प्रांताच्या विधानसभेत आंबेडकरांना संविधान सभेवर पाठवू शकेल असे बळ पक्षाकडे उरले नव्हते. तेव्हा मंडल यांनी त्यांना बंगालमधून उभे केले. संविधान सभेचे सदस्य प्रांतिक आमदार निवडत आणि मतदान पसंतीक्रमाने होई. त्यामुळे पहिल्या पसंतीची मोजकी मतेही पुरेशी ठरत. मंडल यांनी इतर दलित आमदारांची मते जमवली आणि जुलै १९४६ मध्ये मुंबईचे आंबेडकर बंगालचे प्रतिनिधी म्हणून निवडून आले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आंबेडकर जेसोर-खुलना मतदारसंघातून निवडून आले आणि त्याची शिक्षा म्हणून ते जिल्हे पाकिस्तानला दिले गेले, असे संदेश नेहमी फिरतात. संविधान सभेसाठी असा जिल्हावार मतदारसंघ नव्हताच. बंगालच्या फाळणीमुळे तिथल्या जुन्या सदस्यांची मुदत संपली, तसे आंबेडकरांचेही सदस्यत्व गेले. त्यानंतर बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या मुंबईच्या जागेवर काँग्रेसने त्यांना जुलै १९४७ मध्ये निवडून आणले. तरी एवढे खरे की १९४६ मध्ये बंगालचे दार उघडले नसते, तर आंबेडकर त्या वेळी सभागृहात पोहोचले नसते.

कलकत्त्याच्या दंगलीनंतरही...

मंडल आता सुऱ्हावर्दी यांच्या मंत्रिमंडळात होते. १६ ऑगस्ट १९४६ च्या प्रत्यक्ष कृती दिनानंतर कलकत्त्यात प्रेतांचा खच पडला, ऑक्टोबरमध्ये नोआखाली पेटले. मंडल यांनी राजीनामा द्यावा म्हणून प्रचंड दबाव आला, पण त्यांनी तो दिला नाही. उलट त्याच महिन्यात ते दिल्लीच्या अंतरिम सरकारात गेले. काँग्रेस आपल्या वाट्यातून मुस्लीम नेत्याला मंत्री करते, तर लीग आपल्या पाच जागांपैकी एक दलित हिंदूला देईल, अशी जिना यांची ती खेळी होती. मंडल यांच्याकडे कायदा खाते आले. विरोधक त्यांना जोगेन अली मोल्ला म्हणून हिणवू लागले.

फाळणीनंतर त्यांनी पाकिस्तान निवडले. त्यांचा मुलूख तिकडे, त्यांचे लोक तिकडे. सवर्ण हिंदू वकील, डॉक्टर, शिक्षक पश्चिमेकडे निघून गेले, पण नामशूद्र शेतकऱ्याला भातखाचर उचलून नेता येत नव्हते. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली, तेव्हा हंगामी अध्यक्ष म्हणून मंडल आसनावर होते. दुसऱ्या दिवशी जिना यांनी धर्म ही नागरिकाची खासगी बाब राहील, अशा आशयाचे प्रसिद्ध भाषण केले. मंडल यांना कायदा आणि कामगार ही खाती मिळाली.

नोव्हेंबर १९४७ मध्ये आंबेडकरांनी पाकिस्तानातील दलितांना भारतात येण्याचे आणि लीगवर भरवसा न ठेवण्याचे जाहीर आवाहन केले. त्या वेळी त्यांचा बंगालमधला सहकारी लीगच्या मंत्रिमंडळात बसला होता.

कराचीतले गणित का बिघडले?

कराचीत मंडल यांच्याकडे खुर्ची होती, पण आमदारांची मोट नव्हती. बंगालमध्ये त्यांच्या २१ मतांवर सरकार टिके. इथे लीगला कोणाचीच गरज नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये जिना गेले. मार्च १९४९ मध्ये उद्दिष्टांचा ठराव मंजूर होऊन राज्यघटनेला इस्लामी तत्त्वांची चौकट ठरली आणि हिंदू सदस्यांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या.

त्याच वर्षाअखेर खुलना जिल्ह्यातील कालशिरा येथे एका कम्युनिस्टाच्या शोधात आलेल्या पोलिसांची गावकऱ्यांशी झटापट झाली, त्यात एक पोलीस ठार झाला. त्याचा सूड म्हणून आसपासची नामशूद्रांची गावे लुटली आणि जाळली गेली. फेब्रुवारी १९५० मध्ये हिंसाचार ढाक्यात आणि खुद्द बारिसालमध्ये पोहोचला. देशाचा कायदामंत्री आपल्याच जिल्ह्यात जळलेल्या घरांसमोर उभा होता आणि कोणा ठाणेदारालाही जाब विचारण्याची ताकद त्याच्याकडे नव्हती. ८ एप्रिलला दिल्लीत नेहरू-लियाकत करार झाला. अल्पसंख्याकांना संरक्षणाची हमी मिळाली, पण ती कागदावरच राहिली असे मंडल यांचे मत झाले.

बरोबर सहा महिन्यांनी, ८ ऑक्टोबर १९५० रोजी, त्यांनी कलकत्त्यातून पंतप्रधान लियाकत अली खान यांना राजीनामा पाठवला. ते पत्र वकिलाने लिहिलेल्या आरोपपत्रासारखे आहे. त्यात ठिकाणे, तारखा, घटना आणि अधिकाऱ्यांची वागणूक येते. त्याची सुरुवात मात्र १९४३ च्या अटींपासून होते. आपण लीगसोबत का गेलो, काय मागितले आणि काय मिळाले याचा हिशेब आधी, अत्याचारांची यादी नंतर. आपण मंत्रिपदावर आहोत म्हणून हिंदू इथे सुखरूप राहू शकतात असा खोटा समज पसरतो, ही त्यांची सर्वांत मोठी बोच होती. आज पत्राचा उत्तरार्धच वाचला जातो. दलित-मुस्लीम एकी अशक्यच आहे, हे सांगायला तो सोयीचा पडतो. पूर्वार्धात बंगालच्या सवर्ण राजकारणावरचे आरोप आहेत, ते फारसे कोणी पुढे पाठवत नाही.

परतल्यावर

भारतात त्यांचे स्वागत कोणी करणार नव्हते. पश्चिम बंगालच्या राजकारणात ते पाकिस्तान घडवणारे म्हणूनच ओळखले जात. १९५० नंतर नामशूद्र शेतकऱ्यांचे लोंढे सियालदह स्टेशनवर आणि छावण्यांत येत होते. मंडल त्यांच्यात काम करू लागले. शेती करणाऱ्या या कुटुंबांना बंगालबाहेर, दंडकारण्याच्या माळरानात वसवण्याच्या सरकारी धोरणाला त्यांनी विरोध केला. पण ज्या मतदारांनी त्यांना १९३७ मध्ये दत्तांच्या विरोधात निवडून दिले होते, ते आता सीमेपलीकडे तरी होते किंवा छावण्या-वसाहतींत विखुरलेले. भारतात त्यांनी अनेकदा निवडणूक लढवली, एकदाही जिंकले नाहीत. मंत्रिपदे भोगलेल्या या नेत्याची अखेरची वर्षे कलकत्त्यात साधेपणाने गेली.

दंडकारण्यातून परतून सुंदरबनातील मरिचझांपी बेटावर वसलेल्या निर्वासितांवर १९७९ मध्ये पोलीस कारवाई झाली. ते बहुतांश नामशूद्रच होते. मंडल तेव्हा हयात नव्हते. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी बनगाव येथे त्यांचे निधन झाले. बनगाव हे सीमेवरचे गाव आहे. तिथून पलीकडे जाणारा रस्ता जेसोरला जातो.