दिवेवाले केळकर

आधीच सांगून टाकते, माझी मराठी कॉन्व्हेंटची आहे. मराठी विभागाच्या संपादकांनी ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतले असतील या भरवशावर लिहिते आहे.

दारव्ह्याला आमच्या घरी माळ्यावर एक गॅसबत्ती होती. आमच्या आबाजींची. लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन माणसं चालायची, त्या बत्त्या आबाजी भाड्याने द्यायचे. वीज आली, मग जनरेटर आले, धंदा बसला, आणि बारापैकी एक बत्ती तेवढी घरात राहिली. मी नववीत असताना आबाजी गेले. भंगारवाला दर दिवाळीला पितळेचा भाव सांगून जायचा आणि आजी दर दिवाळीला त्याला परत पाठवायची.

सेकंड इयरला वर्कशॉप झाल्यावर मला वाटलं, आता आपण इंजिनिअर. बत्ती यवतमाळला घेऊन आले. पंपाचं चामड्याचं वायसर वाळून खारकेसारखं झालं होतं, ते बदललं. निपल पिनेने साफ केलं. टाकीत हवा भरून पाण्यात बुडवून पाहिली, बुडबुडे आले नाहीत. इथपर्यंत सगळं बरोबर. मग टाकी चकचकीत करायची म्हणून बफिंग व्हीलला लावली. पाच मिनिटांत सोन्यासारखी! सुट्टीत आजीसमोर ठेवली. आजीने टाकीच्या एका बाजूवरून बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि काही न बोलता चहा टाकायला उठली. आईने नंतर सांगितलं की तिथे आबाजींचं नाव घातलेलं होतं. आपल्याकडे भांड्यांवर छिन्नीने टिंबाटिंबाचं नाव घालतात ना, तसं. काळ्या थराखाली मला ते दिसलंच नव्हतं. मी ते पुसून टाकलं होतं.

हे डोक्यात असतानाच आमची इंडस्ट्रियल व्हिजिट पुण्याला गेली. एक दुपार मोकळी मिळाली. मुलं लक्ष्मी रोडला गेली आणि आम्ही तिघी शुक्रवार पेठेत, बाजीराव रोडजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात. खरं सांगायचं तर बाहेर ऊन फार होतं म्हणून.

नाव वाचून मला वाटलं, कुठल्या तरी संस्थानाचे राजे असतील केळकर. हसू नका, असं वाटणारी मी एकटी नव्हते. प्रत्यक्षात दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्याचे दुकानदार. जन्म 10 जानेवारी 1896. घरचा धंदा चष्म्यांचा, तोच त्यांनी चालवला. शिवाय ते कवी होते आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहायचे. इतिहासाची ओढ कवितेतही होती आणि दुकानाबाहेरही. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. आधी थोड्या, मग घरातली एक खोली, मग घरच.

बरं, जमवलं काय? आमच्यासारख्यांना संग्रहालय म्हटलं की तलवारी आणि सिंहासन आठवतं. केळकरांनी जमवले अडकित्ते, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी, वाद्यं, दरवाजे आणि दिवे. ज्या वस्तू लोक नवीन आल्या की मोडीत घालतात, त्या. विचार करा, 1920-30 च्या काळात शहरांत विजेचे दिवे येत होते, खेड्यांत कंदील होते. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घराघरात गेला होता. म्हणजे समया आणि लामणदिवे हे बहुतेकांच्या लेखी देवघरापुरते उरले होते, किंवा तांबटाच्या भट्टीत जाण्याच्या लायनीत होते. शंभर वर्षांची दीपलक्ष्मी वितळून तिचे तांबे होणार, अशा वेळी चष्मेवाल्या माणसाने ती मधेच अडवायची. पैसे दुकानातले, वेळ दुकानातून उरलेला. पत्नी कमलाबाई बरोबरीने या कामात होत्या. नुसतं एका माणसाचं वेड म्हणून हे सांगणं मला पटत नाही. घरात पाय ठेवायला जागा नसताना संसार कोणी केला असेल, हेही बघायला पाहिजे.

दिव्यांच्या कपाटांपुढे मी किती वेळ उभी होते, माहीत नाही. मैत्रिणी पुढे मस्तानी महाल बघायला गेल्या. (कोथरूडच्या मस्तानीच्या वाड्याचे अवशेष केळकरांनी आणून इथे पुन्हा उभे केले आहेत. तो बघाच, पण मी दिव्यांबद्दल लिहिते आहे.) टांगायचे दिवे, ठेवायचे दिवे, हातात धरायचे दिवे, आरत्या. मेकॅनिकलच्या मुलीला त्यात आधी डिझाइन दिसतं. समईचा तळ रुंद आणि जड का? तेल वर असतं, गुरुत्वमध्य खाली आणायचा असतो. लामणदिव्याला साखळी का? उंची बदलता यावी आणि उंदराला तेल मिळू नये.

आपल्या जुन्या दिव्यांत एक प्रकार तर असा आहे की आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांनी तो पहिल्या लेक्चरला आणावा. पितळी हत्ती, त्याच्या पोटात तेल, पोट वरून हवाबंद. खाली वातीचं तबक आणि तेलाची नळी तबकात बुडलेली. वात जळते, तेल उतरतं, नळीचं तोंड उघडं पडतं. लगेच हवेचा बुडबुडा पोटात शिरतो आणि तेवढंच तेल खाली येतं. पातळी चढून तोंड पुन्हा बुडलं की हवा बंद आणि तेलही बंद. व्हॉल्व्ह नाही, फ्लोट नाही. कोंबड्यांच्या पाण्याचं उलटं भांडं याच तत्त्वावर चालतं. ज्या ओतारी कारागिराने हे केलं त्याने पेपर पब्लिश केला नाही, त्यामुळे त्याचं नाव कुठे नाही.

आमची गॅसबत्ती याच्या अगदी उलट स्वभावाची. ती दाबावर चालते. पंपाने टाकीत हवा कोंबायची, रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते, ती निपलमधून सुसाट निघते आणि जळताना मेंटलला पांढरंशुभ्र तापवते. 1892 पासून स्वीडनच्या प्रायमस स्टोने जे तंत्र घरोघरी नेलं, तेच हे. पेट्रोमॅक्स हे खरं म्हणजे बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीचं नाव, पण आपल्याकडे कुठल्याही कंपनीची बत्ती पेट्रोमॅक्सच.

असो. मुद्दा केळकरांचा.

1960 पर्यंत त्यांच्याकडे सुमारे 15,000 वस्तू झाल्या होत्या. पुढे आकडा 20,000 च्या वर गेला. जागेअभावी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. 1961 साली भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने त्यांचं ‘लॅम्प्स ऑफ इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक काढलं. चष्म्याच्या दुकानातला माणूस दिव्यांचा जाणकार म्हणून देशाला माहीत झाला. पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली, म्हणून नावाआधी डॉक्टर लागलं. आयुष्यभर जमवलेलं सगळं त्यांनी महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. 1990 मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

आणि आता नावाचं. राजा हा केळकरांचा मुलगा. तो सात वर्षांचा असताना गेला. संग्रहालयाला त्याचं नाव दिलेलं आहे. हे कळल्यावर मी दाराबाहेर येऊन पाटी पुन्हा वाचली. आपण नाव कसं लिहितो? स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. राजा दिनकर केळकर. शाळेच्या हजेरीपटावर लिहितात तसं त्या मुलाचं पूर्ण नाव होतं ते. मी ज्याला राजेसाहेबांचं नाव समजत होते, तो पहिली-दुसरीतला मुलगा होता. स्वतः केळकर त्यात फक्त मधल्या नावापुरते आहेत. आणि कवितेसाठी नाव घेतलं तेही अज्ञातवासी.

बसमध्ये सगळे अंताक्षरी खेळत होते. मला सारखी टाकीवरून फिरणारं आजीचं बोट आठवत होतं.

पुढच्या सुट्टीत बत्ती परत काढली. या वेळी पॉलिश नाही, ब्रासो नाही, काही नाही. रात्री खोलीतला लाइट घालवून मोबाइलचा टॉर्च टाकीला अगदी चिकटवून, आडवा धरला. छिन्नीचा घाव धातूत खोल जातो आणि बफिंगने वरचा थर जातो, एवढं तर आम्ही शिकलो आहोत. सरळ उजेडात काही दिसत नव्हतं. आडव्या उजेडात सावल्या पडल्या. सहा-सात टिंबं, एक काना, आणि पुढे अर्धवट गोल. आबाजींचं नाव नारायण. ‘ना’ पूर्ण दिसत होता, ‘रा’ अर्धा. ‘यण’ गेलं.

कासारगल्लीत नाव घालणारे एक काका अजून बसतात. तिथून परत घालून आणू का, असं आजीला विचारलं. तिने नको म्हटलं. जेवढं आहे तेवढं राहू दे, आणि बत्ती पेटते का ते आधी बघ. रॉकेल मिळायला चार दिवस गेले. रेशनवरचं बंद झाल्यापासून ती एक वेगळीच शोधयात्रा आहे. नवीन मेंटल बांधलं, स्पिरिटने नळी तापवली, पंप मारला. पहिल्यांदा भडकली, धूर झाला, आई ओरडली. दुसऱ्यांदा सूं आवाज धरला आणि अंगण पांढरं झालं, पार शेजारच्या निंबापर्यंत.

आजी खुर्ची ओढून बसली आणि एका लग्नाची गोष्ट सांगायला लागली. त्या वरातीत पावसाने अकरा बत्त्या विझल्या होत्या आणि ही एक राहिली होती.