पंडिता रमाबाई आणि त्रैक्याचा प्रश्न

पंडिता रमाबाई म्हटलं, की आपल्याला शारदा सदन आठवतं, केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. पण त्यांच्या आयुष्यातलं एक प्रकरण फारसं कुणी सांगत नाही. बाप्तिस्मा घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा या बाईंनी ख्रिस्ती धर्माच्या गाभ्यातल्या सिद्धान्तावरच शंका काढल्या. तो सिद्धान्त म्हणजे त्रैक्य. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत.

रमाबाईंचा जन्म १८५८ मधला, सह्याद्रीतल्या गंगामूळ इथल्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या माउलीनं, लक्ष्मीबाईंनी, मुलीला. तीर्थोतीर्थी पुराणं सांगत हे कुटुंब जगत होतं. दुष्काळात आई-वडील आणि थोरली बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. पण धर्मशास्त्रं वाचताना त्यांना एक गोष्ट बोचत राहिली. बाकी कशावर ग्रंथांचं जमो न जमो, स्त्रिया आणि शूद्र यांना खाली ठेवण्यावर त्यांचं एकमत होतं. ब्राह्मो मंडळींच्या सहवासात एकाच निराकार ईश्वराची कल्पना त्यांना पटली. पुढे भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पतीही गेले. वय अवघं तेवीस.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. इथेच त्यांची गाठ फादर नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याशी पडली. गोऱ्हे काशीत शिकलेले चित्पावन पंडित. आधी ख्रिस्ती मताचं खंडन करायला निघालेले आणि शेवटी ख्रिस्ती झालेले. १८८३ मध्ये रमाबाई वैद्यकी शिकायच्या इराद्यानं इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावी जोगिणींच्या मठात उतरल्या. कानांनी दगा दिल्यामुळे वैद्यकीचा बेत राहिला. गोऱ्ह्यांचं लिखाण वाचून मात्र त्यांचं मन वळलं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

मग त्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला गेल्या. खरा पेच तिथे सुरू झाला. इंग्लंडच्या चर्चमध्ये अथनासियसच्या नावानं चालणारा एक मतांगीकार म्हणत असत. त्रैक्यावर असा असा विश्वास जो धरणार नाही, त्याचा नाश होईल, असं त्यात बजावलेलं आहे. रमाबाईंनी सरळ विचारलं, की हे शुभवर्तमानात कुठे आहे? येशू हा देवानं पाठवलेला तारणारा हे त्यांना मान्य होतं. पण तो पित्याच्या बरोबरीचा, हे कोणीतरी ठरवलं म्हणून म्हणायला त्या तयार नव्हत्या.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना हा अहंकार वाटला. दोघींची लांबलचक पत्रं सुरू झाली. पुरोहितांचं एक जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं, आता दुसरं घेणार नाही, असा रमाबाईंच्या म्हणण्याचा रोख होता. गळ्यातल्या क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नको, यावरूनही त्या अडून बसल्या. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र वेगळी वाट धरली. त्यांनी प्रश्न दाबले नाहीत, एकेक मुद्दा घेऊन धीरानं उत्तरं लिहिली.

यात रमाबाईंनी काय पणाला लावलं होतं, ते बघा. मायदेशी लोक धर्म सोडला म्हणून रागावलेले. इथे परक्या मुलखात ज्यांचा आधार, त्यांनाही दुखवायचं. पदरी लहान मूल. तोंडानं हो म्हटलं असतं, तर सगळं सुरळीत झालं असतं. पण मनात नसलेलं देवासमोर म्हणायचं नाही, एवढं त्यांचं पक्कं होतं. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या, तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता.

पुढची गोष्ट त्यांच्या १९०७ च्या आत्मकथनात सापडते. बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्या मोकळेपणानं कबूल करतात. येशू हा आपला स्वतःचा तारणारा, हे त्यांना शारदा सदन चालवताना उमगलं. पवित्र आत्म्याची ओळख त्याहून उशिरा झाली. १९०५ मध्ये मुक्तीमधल्या मुली तासन्‌तास प्रार्थनेत रडत होत्या, तेव्हा रमाबाईंना ते आत्म्याचंच काम वाटलं. म्हणजे एक ईश्वर त्यांनी कलकत्त्यात मानला होता, पुत्र आणि आत्मा मात्र त्यांना वादातून नव्हे, जगण्यातून कळले.

तरी वाचणं आणि तपासणं त्यांनी सोडलं नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईलाही समजावं म्हणून. १९२१ मध्ये मनोरमा गेली. भाषांतराचं काम त्यांनी तडीस नेलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले.

उपासनेत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तिन्ही नावं आपल्यातले कितीतरी जण सवयीनं घेतात. रमाबाईंना ती मनापासून घेता यायला कितीतरी वर्षं लागली. ज्यांच्या मनात आज शंका आहेत, त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. आणि ज्यांना कुणाच्या शंका ऐकाव्या लागतात, त्यांनी बीलबाईंची पत्रं.