कापणीचें यंत्र करणारे पाळक

दिवसभर ओणवें राहून विळा चालविणाऱ्याची पाठ संध्याकाळीं काय म्हणते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. रे. पॅट्रिक बेल ह्यांनीं हे कष्ट लहानपणापासून पाहिले होते. त्यांचा जन्म १७९९ सालीं स्कॉटलंडांत, डंडी शहराजवळच्या ऑक्टरहाउस ह्या गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला.

ते सेंट अँड्र्यूज येथील विद्यापीठांत धर्मशास्त्र शिकत असतां एके दिवशीं कुंपणांत खोंवलेली माळ्याची मोठी कात्री त्यांच्या दृष्टीस पडली. ती घेऊन त्यांनीं कांहीं फांद्या कापून पाहिल्या. अशा कात्र्या ओळीनें बसवून चालविल्या तर उभें पीक कां कापलें जाणार नाहीं, हा विचार तेव्हांपासून त्यांस सोडीना.

काम गुप्तपणें चाललें. लोकांच्या हंसण्याचें भय असावें, असें आम्हांस वाटतें. त्यांनीं एका लांबट कोठारांत माती आणून पसरली, तींत ओट धान्याचीं ताटें एकेक करून रोंविलीं, दार लावून घेतलें आणि यंत्र स्वतः ढकलीत त्या पिकांतून नेलें. पुढें १८२८ सालीं एका रात्रीं, गांव निजल्यावर, ते व त्यांचे बंधु जॉर्ज घोडा जुंपून गव्हाच्या शेतांत गेले. पीक कापलें गेलें, परंतु विसकटून पडलें; कारण ताटें आंत वळविणारें फिरतें चक्र उत्साहाच्या भरांत घरींच राहिलें होतें! तें आणून बसवितांच कापलेलीं ताटें फिरत्या कापडी पट्ट्यावर पडून एका बाजूस नीट ओळीनें येऊं लागलीं. घोडे यंत्राच्या मागें जुंपीत, कारण पुढें जुंपिल्यास उभें पीक तुडविलें जाई. तासाला सुमारें एक एकर कापणी होई.

त्याच वर्षीं लोकांसमोर परीक्षा झाली आणि हायलंड शेतकी संस्थेनें ५० पौंडांचें बक्षीस दिलें. बेल ह्यांनीं मात्र पेटंट घेतलें नाहीं. हें यंत्र सर्वांस मोकळें असावें अशी त्यांची इच्छा होती. आम्हांस ह्या उदारतेची थोरवी वाटते, तरी तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला वाटेल त्यानें यंत्र करावें असें झाल्यावर तें नीट झालें कीं नाहीं हें पाहणारा कोणी उरत नाहीं, आणि सदोष यंत्र शेतांत अडलें कीं बोल मूळ कल्पनेस लागतो.

अमेरिकेंत सायरस मॅकॉर्मिक ह्यांनीं १८३४ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. १८५१ सालीं लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत त्याची एवढी वाहवा झाली कीं बेल ह्यांचें नांव मागें पडलें. जॉर्ज मात्र पर्थशायरांतील आपल्या शेतांत भावाच्या यंत्रानें वर्षानुवर्षें पीक कापीतच होते!

बेल ह्यांनीं मध्यंतरीं कांहीं वर्षें कॅनडांत शिक्षकाचें काम केलें. १८४३ सालीं ते कारमायली येथील मंडळीचे पाळक झाले व अखेरपर्यंत तेथेंच राहिले. १८६८ सालीं, यंत्रास ४० वर्षें झाल्यावर, शेतकऱ्यांनीं व इतरांनीं वर्गणी करून त्यांस १,००० पौंड आणि चांदीचें पात्र अर्पण केलें. पुढच्या वर्षीं, २२ एप्रिल रोजीं, ते वारले. त्यांचें यंत्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयांत जपून ठेविलें आहे.