लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि पात्याची पारख

डिचोली तालुक्यातील शिरगाव म्हटले की श्री देवी लईराईची जत्रा आणि लोहखनिजाच्या खाणी या दोन गोष्टी प्रथम आठवतात. डोंगरातील खनिज बोटीत भरून परदेशी गेले. हत्यारे मात्र आपण बाजारातून तयार विकत घेत आलो. त्यामुळे फणसाची किंवा सागवानाची फळी कापण्यासाठी गोल करवतीचे ब्लेड घ्यायला निघालेल्या सुताराला, दिसायला सारखीच असणारी दोन ब्लेड किमतीत इतकी वेगळी का, हा प्रश्न पडतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या एका कारखानदाराचे चरित्र उपयोगी पडते. ते म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

२० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रकलेत व यंत्रांत त्यांचे मन अधिक रमे. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना कळत नसल्याचे लक्षात आले आणि चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. खचून न जाता ते यंत्ररेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. हाताने यंत्र खोलून पाहण्याची त्यांची सवय तेथे पक्की झाली. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला परतले. बंधू रामूअण्णा यांच्यासोबत सायकलींचा व्यवसाय आधीच सुरू झाला होता. त्यातूनच किर्लोस्कर बंधूंचा छोटा कारखाना उभा राहिला.

या कारखान्यातील आरंभीच्या मालात कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही दोन शेती अवजारे होती. दोन्हींचे सारे यश धारेवर अवलंबून. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लक्ष्मणरावांनी या काळात शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. कर्ज काढून अवजार घेणाऱ्या माणसाचा संशय रास्तच असतो, कारण ते फसले तर त्याचा हंगाम बुडतो. तो संशय जाहिरातीने फिटत नाही, शेतात फिटतो. नांगर तासाला लागला, ढेकळे फुटली आणि बैल थकले नाहीत, तेव्हाच मागणी वाढू लागली.

कारखान्याची जागा बेळगाव नगरपालिकेला हवी झाली आणि बस्तान हलवण्याची वेळ आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा ओसाड माळ दिला. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथे कामगारांसाठी वसाहत झाली आणि अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्यांनाही तेथे काम मिळाले. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मीळ झाले, तरी नांगर घडतच राहिले. १९२० साली किर्लोस्कर बंधूंची मर्यादित कंपनी झाली. पुढे १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्करमध्ये लेथ बनू लागले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच, १९२३ च्या सुमारास, जर्मनीत टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने सांधून अतिशय कठीण धातू तयार करण्यात आला. आजच्या ब्लेडचे दात त्याचेच असतात. तत्त्व मात्र नांगराच्या फाळाचेच आहे. झिजणारे टोक कठीण हवे आणि त्याला धरणारे अंग चिवट हवे. सगळेच कठीण केले तर ते तडकते आणि सगळेच मऊ ठेवले तर धार टिकत नाही.

म्हणून ब्लेड घेताना दाताच्या कार्बाइडची जाडी पाहावी. जाड टोकाला अनेकदा धार लावता येते, पातळ टोक एक-दोन वेळांतच संपते. दात पोलादी चकतीला जेथे डाखलेला असतो, तेथे फट किंवा छिद्रे नसावीत. फिरताना तो सुटला तर गोळीसारखा उडतो. चकती सपाट आहे ना, हे काचेवर ठेवून तपासावे. मधले भोक शाफ्टवर घट्ट बसावे आणि ब्लेडवर छापलेले मिनिटाचे कमाल फेरे आपल्या मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत. लाकडाच्या रेषांबरोबर उभा काप घ्यायचा असेल तर कमी दात, आडवा काप किंवा प्लायवूड असेल तर जास्त दात. जुन्या घराचे वासे कापण्यापूर्वी खिळे शोधून काढावेत, कारण कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ असते.

स्वस्त ब्लेडने वाचवलेले पैसे करपलेल्या कडा, वाया गेलेली फळी आणि कधी बोटाच्या रूपाने परत द्यावे लागतात. दोन वर्षे गिऱ्हाईक नसतानाही लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही आणि शेतकऱ्याच्या पारखीवर विश्वास ठेवला. शिरगावच्या सुतारानेही दुकानदाराच्या बोलण्याआधी दातांकडे पाहावे.