ताराबाई मोडक (१८९२–१९७३)

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून बिऱ्हाडे ऊसतोडणीसाठी कारखान्यांकडे निघतात आणि गावातल्या शाळेचे वर्ग ओस पडू लागतात. आपल्यापैकी काहींनी हे स्वतः अनुभवले असेल. आईबाप फडात असताना कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळायचे कोणी, हा प्रश्न थोरल्या मुलीची शाळा सोडवतो. मुलाच्या गैरहजेरीचे कारण त्याच्या घरच्या कामात शोधणाऱ्या शिक्षणतज्ज्ञांत ताराबाई मोडक यांचे स्थान अग्रगण्य आहे.

त्यांचा जन्म मुंबईत, प्रार्थना समाजाच्या विचारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. उच्चशिक्षण, विवाह, पतीपासून विभक्त होणे आणि राजकोटमधील नोकरी हे टप्पे ओलांडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे आल्या. १९२६ मध्ये उभयतांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला.

त्यांच्या कार्याला खरे वळण लागले ते १९४५ मध्ये, डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी पालकांना दोष दिला नाही. त्या स्वतःच वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणात मुले जमवली. प्रथम आंघोळ-स्वच्छता, मग गाणी, गोष्टी, खेळ. हीच अंगणवाडी. भाषेच्या अभ्यासकाने या शब्दाकडे अवश्य पाहावे. त्यात ‘शाळा’ नाही. घराचाच एक भाग आहे.

१९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले दिवसभर गुरांमागे असत. गुरे राखणे बंद करा, असे त्या घरांना सांगणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे होते. म्हणून शिक्षकच कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ सुरू झाली. ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवून बहिणीला शेजारच्या वर्गात बसता येऊ लागले. एरवी शिक्षणाच्या इतिहासात पाळणाघराची नोंद क्वचितच घेतली जाते.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे दोनच वर्षांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि बोर्डीच्या वस्तीतला ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला.