विश्लेषण : क्यूआर कोडमागचे गणित आणि २० वर्षांचे आयुष्य, कोण होता गाल्वा?

चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड थोडा मळलेला, ओरखडलेला असला तरी अनेकदा स्कॅन होतो आणि पैसे जातात. पुसलेली माहिती पुन्हा मिळवणारे हे गणित ‘सांत क्षेत्रां’वर चालते. त्यावरचा महत्त्वाचा लेख १८३० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचा लेखक एव्हारिस्ट गाल्वा अवघ्या १८ वर्षांचा होता.

सांत क्षेत्र म्हणजे काय?
मोजक्याच संख्यांचे जग. समजा ० ते ४ एवढ्याच संख्या आहेत. ३ अधिक ४ म्हणजे ७. पण ५ ने भागून बाकी घ्यायची, म्हणून उत्तर २. इथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्य सोडून भागाकारही चालतो. बहुपदी वापरून अशी मोठी क्षेत्रे कशी उभारायची, हे गाल्वाने दाखवले. क्यूआर कोडमध्ये २५६ घटकांचे क्षेत्र वापरतात.

गंमत कुठे आहे?
या जगातल्या बहुपदींचेही संख्यांसारखे अवयव पडतात. ज्यांचा पहिला सहगुणक १ आहे, अशा ‘न’ घाताच्या बहुपदींना सरासरी किती विभाजक असतात? बरोबर ‘न अधिक १’. नेहमीच्या संख्यांसाठी मात्र अशा सरासरीचे अंदाजी सूत्रच मिळते.

आयुष्यात काय घडले?
जन्म २५ ऑक्टोबर १८११, पॅरिसजवळ बूर-ला-रेन येथे. वडील गावाचे महापौर. १८२९ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यानंतर काही दिवसांतच गाल्वा ‘एकोल पॉलिटेक्निक’च्या प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला. १८३० मध्ये त्याने अकादमीकडे प्रबंध पाठवला. तो ज्यांच्याकडे होता ते फुरिये वारले आणि कागद सापडलेच नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवलेला प्रबंध प्वासाँ यांना समजला नाही, तो परत आला. प्रजासत्ताकवादी राजकारणामुळे तुरुंगवासही घडला.

शेवट कसा झाला?
३० मे १८३२ रोजी द्वंद्वयुद्धात त्याच्या पोटात गोळी लागली. दुसऱ्या दिवशी त्याने प्राण सोडला. द्वंद्वाच्या कारणावर आजही एकमत नाही. आदल्या रात्री मात्र त्याने मित्र ऑगस्त शव्हालिए याला पत्र लिहून आपले सगळे काम थोडक्यात मांडले होते.

मग काम वाचले कसे?
भाऊ आणि शव्हालिए यांनी कागद जपले. गणितज्ञ ल्यूव्हिल यांनी १८४६ मध्ये ते छापले. गाल्वाला जाऊन तेव्हा १४ वर्षे झाली होती.